चोराचं व्याकरण

टीचरांचा फोन आला की मी अजूनही बसल्या जागेवरून उभी राहते. वयाची पंचेचाळिशी ओलांडली, एका बँकेच्या तक्रार विभागात वीसेक वर्षं काढली, हाताखाली सहा माणसं आहेत. पण स्क्रीनवर 'टीचर' ही अक्षरं उमटली की गुडघे आपोआप सरळ होतात. ऑफिसातल्या पोरींनी हे कधीच हेरलंय. मी उभी राहिले की त्या एकमेकींकडे बघतात आणि पंख्याचा आवाज कमी करायला उठल्यासारखं करतात.

टीचर म्हणजे आमच्या माणिकपूरच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई. पस्तीस-छत्तीस वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं. आम्ही कोकणातून आलेल्या नोकरदारांची मुलं, इंग्रजी बोलायला लागलो की घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं. टीचर तो काटा चिमट्यानं काढायच्या. घर त्यांचं सांडोरला. केळीच्या वाडीत, बावखलाच्या काठावर बैठं कौलारू घर. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, त्याच्यावर सगळी वाडी जगते. घरात टीचर आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमानांना सगळं गाव अंकल म्हणतं. मुलगा कॅनडात.

गेल्या नाताळाला हा मुलगा आला आणि आईला एक टॅबलेट देऊन गेला. जाताना त्यानं तिचं ई-मेलचं खातं उघडून दिलं आणि बँकेत तो पत्ता नोंदवून दिला. तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

जानेवारीत एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. मी उभी राहिले.

"मला एका बँकेचं पत्र आलंय," टीचर म्हणाल्या. "तुमच्याच धंद्यातलं आहे म्हणून विचारते. तुमच्या लोकांना शाळेत कुणी इंग्रजी शिकवलं नाही का?"

"तुम्हीच शिकवलंत, टीचर."

"मग दोष माझा. रविवारी ये. चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी घरीच आहे."

रविवारी गेले. टीचरांनी तो मेल माणिकपूरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला होता आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. पान लाल शाईनं भरलं होतं. ती शाई मी ओळखते. माझ्या आयुष्याची पाच वर्षं तिच्यात बुडालेली आहेत.

मेल होता त्यांच्या बँकेच्या नावानं. खातं चोवीस तासांत बंद होणार आहे, ताबडतोब खालच्या लिंकवर जाऊन आपला तपशील भरा, असं काहीतरी. 'प्रिय ग्राहक' असं लिहायच्या जागी त्या माणसानं इंग्रजीत 'कस्टमर'मधल्या यू आणि ओची अदलाबदल केली होती, आणि ग्राहकाचा झाला होता नाटकाचे कपडे पुरवणारा.

"मी काय नाटक कंपनीला कपडे देते का?" टीचरांनी विचारलं.

"नाही, टीचर."

"पुढं बघ. क्रियापद कुठं आहे? आणि हे वाक्य सुरू झालंय, संपलंच नाही."

एकूण अकरा चुका निघाल्या होत्या. खाली दहापैकी तीन गुण आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात शेरा: 'विचार स्पष्ट नाहीत. धमकी देताना वाक्य पूर्ण करावे.'

मी हसायला लागले. टीचर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी याचा फोटो काढून त्यांना परत पाठवलाय."

माझं हसू तिथंच थांबलं. "कुणाला?"

"ज्यानं पाठवला त्याला. तपासलेली वही परत द्यायची असते."

मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं. टीचर, हा मेल बँकेचा नाही. कुणीतरी बँकेचं नाव घेऊन हजारो लोकांना एकदम पाठवतं. बहुतेक जण पुसून टाकतात. चार जण घाबरतात, लिंक उघडतात आणि खऱ्या बँकेसारख्याच दिसणाऱ्या पानावर आपला पासवर्ड लिहून देतात. उत्तर दिलं की त्यांना एवढंच कळतं की या पत्त्यावर माणूस आहे आणि तो मेल वाचतो. म्हणजे आता ते आणखी पाठवणार.

टीचरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "म्हणजे चोर आहे."

"हो."

"मला वाटलंच. चोराला व्याकरण येत नाही."

अंकल दारातून आत येत होते, पायाला चिखल. ते म्हणाले, "मला पन येत नाय. आता मी कोन?" आणि उत्तराची वाट न बघता मोरीकडे गेले.

मी म्हटल्याप्रमाणे झालं. महिन्याभरात टीचरांच्या टॅबलेटवर पाऊस पडायला लागला. कधी खातं बंद, कधी कार्ड बंद, कधी बक्षीस लागलंय, कधी आयकराचा परतावा अडकलाय. त्यांना भीती वाटत असावी असं मला वाटलं, तर तसं काही नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे तपासायला काही नव्हतं, ते आता मिळालं होतं. उत्तर देणं मी बंद करायला लावलं, ते त्यांनी ऐकलं. पण छापून आणणं आणि लाल शाई चालूच. पुठ्ठ्याची एक फाइल केली होती आणि तिच्यात गुणांच्या क्रमानं कागद लावले होते. फोनवर मला निकाल सांगायच्या. "आज एकाला पाच दिले. स्वल्पविराम येतात त्याला. सुधारेल." मी ऑफिसात ते किस्से सांगायचे. आम्ही सहा-सात जणी दिवसभर लोकांच्या फसवणुकीच्या तक्रारी वाचतो, आमच्याकडे हसायला फार काही नसतं. टीचरांचे शेरे आम्हाला पुरायचे.

पण मला एक गोष्ट खटकत होती. टीचरांचा सगळा भरवसा चुकांवर होता. ज्यात चुका तो खोटा, ज्यात चुका नाहीत तो खरा. मी सांगून थकले की हल्ली यंत्रंच चांगली भाषा लिहून देतात, चोराला शाळेत जायची गरज उरलेली नाही. एका रविवारी मी त्यांना वहीत लिहायलाच लावलं. त्यांनी दोनशे पानी वही काढली, समास आखला, तारीख घातली. मी सांगत गेले. वर दिसतं ते नाव बघायचं नाही, नाव कुणीही काहीही लावतं. नावावर बोट ठेवलं की खाली पाठवणाऱ्याचा खरा पत्ता उघडतो, तो बघायचा, एकेक अक्षर. मेलमधल्या लिंकवरून बँकेत जायचं नाही. आपल्या ॲपमधून जायचं किंवा सरळ शाखेत. पासवर्ड आणि ओटीपी बँक कधीच विचारत नाही. आणि चूक झालीच तर लाजत बसायचं नाही, कार्डाच्या मागच्या नंबरवर लगेच फोन करायचा, नेटबँकिंग बंद करून घ्यायचं, मग सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवायचं.

टीचरांनी सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "एक शंका. लिंकवरून जायचं नाही, तर खरी बँक तरी लिंक का पाठवते? माझ्या बँकेच्या प्रत्येक मेलमध्ये असते."

"पाठवायला नको," मी म्हटलं.

"मग तुमचा तक्रार विभाग काय करतो?"

नववीत उत्तर यायचं नाही तेव्हा मी जशी खिडकीबाहेर बघायचे, तशी बघत बसले. बाहेर केळीची पानं होती.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, आवाज जरा वेगळा. औषधाच्या दुकानात कार्ड चाललं नव्हतं. दुसऱ्यांदा केलं, तरी नाही. दुकानदार ओळखीचा म्हणून औषधं मिळाली, पण चार लोकांसमोर यंत्र दोनदा नाही म्हणालं, ते त्यांना लागलं होतं. "शनिवारी तुला सुट्टी असेल तर माझ्याबरोबर शाखेत येशील का?" असं त्यांनी विचारलं. टीचर असं विचारत नाहीत, त्या सांगतात. मी लगेच हो म्हटलं.

शाखेत काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं खाते क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं केवायसी झालेलं नाही. म्हणून खातं थांबलंय. आम्ही तुम्हाला मेल पाठवला होता, दोनदा."

टीचरांनी पिशवीतून पुठ्ठ्याची फाइल काढली. पानं उलटली. दहापैकी तीनच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला आणि काउंटरवर ठेवला. "हा?"

मुलीनं कागद बघितला. लाल शाई बघितली. तिचा चेहरा हळूहळू ओशाळला. "हो, मॅडम. हा आमचाच आहे."

"हा खरा आहे?"

"हो."

"मग हे 'रिव्हर्ट बॅक' कुणी लिहिलं? रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. आणि वर बॅक, म्हणजे पुन्हा मागं. मी कुठं जायचं?"

मी छताकडे बघत होते. मुलगी बिचारी म्हणाली, "मॅडम, मजकूर वरून येतो. आम्ही नाही लिहीत." मग तिला हसू आवरेना, आणि तिचं बघून मलाही. टीचर दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. पण मुलगी कामाची निघाली. आधार, पॅन, एक फोटो, दोन सह्या. पंधरा मिनिटांत काम झालं, आणि खातं सोमवारपर्यंत सुरू होईल म्हणाली. निघताना तिनं हळूच विचारलं, "तो कागद मी ठेवून घेऊ का? आमच्या मॅनेजरना दाखवीन." टीचरांनी तिला तो दिला, आणि खाली स्वतःची सही करून दिला.

रिक्षात बसल्यावर मला राहवेना. "टीचर, म्हणजे खऱ्यालाही व्याकरण येत नाही."

टीचरांनी पिशवीतली फाइल मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मग ओळखायचं कशावरून?"

"पत्त्यावरून. मी सांगितलं होतं ना. एकेक अक्षर वाचायचं."

"एकेक अक्षर वाचायचं हे तू मला शिकवतेस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी जरा फुशारलेच होते. इतक्या वर्षांनी टीचरांना मला काहीतरी विचारावं लागलं होतं आणि मला त्याचं उत्तर येत होतं. हे सुख कसं असतं ते टीचरांच्या हाताखालून गेलेल्यालाच कळेल.

ते सुख मला जेमतेम तीन आठवडे पुरलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी नवा फोन घेतला. जुन्याची बॅटरी फुगली होती. संध्याकाळभर बसून नव्यात सगळं घालून घेतलं, बँकेचं ॲपसुद्धा. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, टीचरांकडे जायला निघाले. माणिकपूरच्या स्टँडवर रिक्षा भरायची वाट बघत आत बसले होते, तेवढ्यात नव्या फोनवर मेल आला. माझ्याच बँकेचा, म्हणजे जिथं मी नोकरी करते त्याच. 'आपल्या खात्यात एका नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे. तो आपणच केला असल्यास खात्री करा. नसल्यास खाते ताबडतोब सुरक्षित करा.' खाली दोन बटणं.

नवा फोन तर मी आदल्याच दिवशी घेतला होता. मी मनात म्हटलंसुद्धा, बघा, किती तत्पर आहेत आमचे लोक. 'खात्री करा' दाबलं. आमचंच पान उघडलं, आमचंच बोधचिन्ह. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मग एक गोल फिरायला लागला, 'पडताळणी होत आहे, ओटीपीची वाट पाहा.' रिक्षा सुरू झाली. रस्त्यात खड्डे, शेजारच्या बाईच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी, तिची पानं माझ्या हातावर. मी फोन पर्समध्ये टाकला. नेटवर्क नाही, नंतर बघू.

विभागात नव्या येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी सांगते की मेलमधल्या लिंकवरून कधीही जायचं नाही. ते रिक्षात मला आठवलं का? नाही. आठवायला आधी संशय यावा लागतो. आणि संशय यायला त्या मेलमध्ये काहीतरी खटकावं लागतं. मला सगळं अगदी अपेक्षित वाटलं होतं.

सांडोरला पोचले तर टीचर टेबलाशी तयारच बसलेल्या. समोर टॅबलेट, वही, आणि जपून ठेवलेलं मोठं भिंग, ज्यातून त्या हल्ली बायबल वाचतात.

"मी विचार केला," त्या म्हणाल्या. "तुझी पद्धत चुकीची आहे. तू मला सारखे खोटे मेल दाखवतेस. वर्गात आधी बरोबर उत्तर दाखवायचं असतं, मग चुकीचं. मला एक खरा मेल दाखव. अगदी खरा."

माझ्याकडे तर ताजाच होता. मी नव्या फोनवर उघडून त्यांच्या हातात दिला. "हा बघा. आजच आलाय, सकाळी. भाषा बघा, टीचर. एकही चूक नाही."

टीचरांनी वाचला. सावकाश, ओठ किंचित हलवत. मध्ये थांबल्या. "अर्धविराम बरोबर वापरलाय," त्या म्हणाल्या. "कितीतरी वर्षांनी कुणीतरी अर्धविराम बरोबर वापरला." त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक आलं ते मी नववीच्या अख्ख्या वर्षात स्वतःसाठी एकदाही पाहिलं नव्हतं. मला आमच्या बँकेचा अभिमान वाटला.

मग त्यांनी नावावर बोट ठेवलं. पत्ता उघडला. दोन बोटांनी अक्षरं मोठी केली, वर भिंग धरलं. अंकल समोर बसून केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, दोर वळत होते, त्याचा तेवढा सरसर आवाज.

"तुमच्या बँकेच्या नावात एम आहे ना?"

"हो."

"इथं नाही."

"असेल, टीचर. नीट बघा."

"मी नीटच बघतेय. हा एम नाही. आर आहे आणि त्याला चिकटून एन. लांबून एम दिसतो." त्यांनी फोन आणि भिंग माझ्याकडे सरकवले. "तू नववीत असंच लिहायचीस, घाईत. तुझ्या एमची कमान तुटलेली असायची. मी किती गोल केलेत."

मी भिंगातून पाहिलं. आर आणि एन. दोन वेगवेगळी अक्षरं, मधे केसाएवढी फट. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना.

त्याच वेळी माझ्या हातात फोन थरथरला. संदेश आला होता, हा खरोखरच बँकेचा: खात्यात नवा लाभार्थी जोडण्यासाठी आपला ओटीपी अमुक अमुक, कुणालाही सांगू नका. म्हणजे त्या क्षणी कुणीतरी माझ्या खात्यात शिरून बसलं होतं, आणि मी हे सहा आकडे सकाळच्या त्या पानावर टाकेन याची वाट बघत होतं.

टीचर बघत होत्या.

"काय झालं?"

"टीचर, मी यात पासवर्ड टाकलाय."

"कधी?"

"मघाशी. रिक्षात."

त्या ओरडतील असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त वही जवळ ओढली, पान शोधलं आणि वाचायला लागल्या, वर्गात पाठ वाचतात तशा, सावकाश आणि स्पष्ट. "चूक झालीच तर लाजत बसायचं नाही. कार्डाच्या मागच्या नंबरवर लगेच फोन करायचा. कार्ड कुठंय तुझं?"

कार्ड पर्समध्ये होतं, पण कुठल्या कप्प्यात ते आठवेना. टीचरांनीच पर्समधून काढलं. मी नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. त्या घरात भिंती जाड आहेत, रेंज येते आणि जाते.

अंकलनी दोर खाली ठेवले. "वाडीतल्या पंपाकडं चला. तिथं लागतो."

मग आम्ही तिघं एकामागून एक वाडीतून निघालो. पुढं अंकल, मग मी, मागं टीचर, एका हातात माझं कार्ड आणि दुसऱ्या हातात वही. पाटाला पाणी सोडलेलं होतं, माझ्या रविवारच्या चपला चिखलात रुतत होत्या. पंपाच्या खोलीपाशी खरंच रेंज होती. फोन लागला. आधी संगीत. मग मराठीसाठी एक दाबा. मग पुन्हा संगीत. अंकलनी पंप बंद केला, ऐकू यावं म्हणून.

शेवटी एका मुलाचा आवाज आला. त्यानं नाव, जन्मतारीख विचारली आणि मग एकेक ठरलेला प्रश्न. मला प्रत्येक प्रश्नाच्या पुढचा प्रश्न माहीत होता, कारण ती यादी आमच्याच विभागातून जाते.

"मॅडम, आपण लिंकवर क्लिक केलं होतं का?"

"हो."

"मॅडम, बँक कधीही अशी लिंक पाठवून पासवर्ड विचारत नाही, याची आपल्याला कल्पना होती का?"

शेजारी टीचर उभ्या होत्या. फोन स्पीकरवर होता.

"होती," मी म्हटलं.

त्यानं नेटबँकिंग बंद केलं, कार्डही. लाभार्थी जोडला गेला नव्हता, कारण ओटीपी मी दिला नव्हता. काही गेलं नव्हतं. मग मी सरकारी हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक टीचरांनी वहीत उतरवून घेतला आणि मला वाचून दाखवून ताडून पाहिला. अंकलनी पंप पुन्हा सुरू केला.

घरी आलो. टीचरांनी चहा केला, बेकरीचे पाव ठेवले, आणि एका डब्यातून सुकेळी काढली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी होतात. टीचर ती पाहुण्यांसाठीच काढतात. मी दोन खाल्ली आणि मग मला रडू आलं. पैसे गेले नाहीत हे समजत होतं, तरी आलं. टीचर म्हणाल्या, "अगं, एम वाचायला चुकलीस. एवढंच." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण चुकीचाच मेल बरोबर म्हणून मला दाखवायला आणलास. याचे मी गुण कापणार."

सोमवारी ऑफिसात साहेबांना सांगावंच लागलं. लेखी अहवाल द्यावा लागला. आमच्या पोरींनी माझ्यासमोर एक अक्षरही काढलं नाही, मी जेवायच्या सुट्टीत बाहेर गेले की काय झालं असेल ते मला माहीत आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते.

एक गोष्ट मात्र मला आधी कधी कळली नव्हती. आमच्याकडे तक्रार करणारे लोक फोनवर बोलायला लागायच्या आधी माफी मागतात. 'सॉरी मॅडम, माझीच चूक आहे' इथून सुरुवात. फसवलेल्यानं माफी का मागावी याचं मला नेहमी नवल वाटायचं, थोडा वैतागही यायचा, कारण त्यात वेळ जातो. पंपाच्या खोलीपाशी मी त्या मुलाला पहिलं वाक्य काय म्हटलं होतं? 'सॉरी, खरं तर मी बँकेतच आहे.' ती प्रश्नांची यादी मी त्याच आठवड्यात पुन्हा काढली. 'आपल्याला कल्पना होती का' हा प्रश्न काढून टाकावा असं लिहून वर पाठवलं. मंजूर व्हायला दोन महिने लागले, पण झालं.

पुढं जूनमध्ये धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात ज्येष्ठांची बैठक होती. फादरनी टीचरांना या विषयावर बोलायला सांगितलं आणि टीचरांनी मला सोबत न्यायचं ठरवलं, मला न विचारता. साठेक माणसं आली होती. सांडोरचे वाडीवाले, माणिकपूरच्या इमारतींतले निवृत्त कारकून, पाचूबंदरच्या कोळणी. टीचरांनी फळ्यावर आर आणि एन काढले, आधी लांब लांब, मग जवळ, मग अगदी चिकटून. सगळ्यांना मागं जाऊन बघायला लावलं. मग त्या म्हणाल्या, "माझी एक विद्यार्थिनी आहे. बँकेतच असते. नाव सांगत नाही." सभागृहातल्या साठही माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. सवयच ती.

टीचरांनी सगळं सांगितलं, नवा फोन, रिक्षा, भिंग. पण एक गोष्ट त्यांनी बदलून सांगितली. चूक फक्त माझी असं न सांगता त्या म्हणाल्या, "त्या मेलमधली भाषा इतकी चांगली होती, की मीसुद्धा आधी फसले होते. अर्धविरामाला." लोक हसले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी शंका विचारायला सांगितलं. मग मागच्या बाकावरच्या एका कोळणीनं उभं राहून विचारलं, "बाय, माझा पोर जहाजावर हाय. तो पन कधी मेल टाकतो, बँकेत पैसे सोडले म्हनून. मला वाचता येत नाय, नात वाचून दावते. तो पन असाच भिंग लावून बघायचा का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पत्ता, लिंक, ॲप, सगळं ओठावर होतं. टीचरांनी मला हातानंच थांबवलं.

"बघायला सांग नातीला," त्या म्हणाल्या. "आणि मग मुलाला फोन कर. तूच पाठवलंस का, विचार. नाहीतरी किती दिवस झाले त्याच्याशी बोलून?"

बाईनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि ती खाली बसली. आम्ही खुर्च्या आवरून बाहेर आलो तेव्हा ती सभागृहाच्या पायरीवर बसली होती. नात शेजारी. फोन कानाला लावून ती मोठ्यानं बोलत होती, समुद्रापलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, आणि पैशांबद्दल अजून काहीच विचारलेलं नव्हतं.